जोंधळ्यातलं पाखरू त्याच्या माहेरी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जोंधळा चिकात आला की घरात दिवसभर एकच प्रश्न असायचा, ‘पाखरं राखायला कोण जातंय?’ शाळेला सुट्टी असली की तो मान माझा. बाभळीच्या मेढींवर बांधलेला माळा, हातात गोफण, पायाशी ढेकळांचा ढीग. चिमण्या यायच्या, भोरड्यांचे थवे यायचे आणि एक पिवळं पाखरू यायचं. शेकड्यानं यायचं. एकेका कणसावर दोन-दोन बसायची आणि ताटं वाऱ्याशिवाय डुलायला लागायची. मी माळ्यावर उभी राहून गोफण फिरवली की सगळा थवा एकदम उठायचा, बांधावरच्या बाभळीवर बसायचा आणि माझा हात खाली आला की परत कणसावर.

त्याचं नाव मला पुण्यात आल्यावर, पक्षी बघायला लागल्यावर कळलं. काळ्या डोक्याचा भारीट. आमच्या रानात त्याचं डोकं मला कधी नीट काळं दिसलं नव्हतं, कारण हिवाळ्यात त्या काळ्या पिसांच्या टोकांना तपकिरी किनार असते. ती झिजत जाते तसा आतला काळा उघडा पडतो आणि पूर्ण उघडा पडेपर्यंत पाखरू आपल्याकडून निघून गेलेलं असतं. जातं कुठे? आग्नेय युरोपापासून तुर्कस्तान, इराणपर्यंतच्या पट्ट्यात. युरोपातले बहुतेक छोटे स्थलांतरित पक्षी थंडीत दक्षिणेला, आफ्रिकेत उतरतात. हा मात्र पूर्वेची वाट धरतो आणि भारतात येतो. घरटं तिकडे, पिल्लं तिकडे, गाणंही तिकडेच. आमच्या वाट्याला त्याची फक्त भूक आली होती.

म्हणून हे पाखरू त्याच्या घरी जाऊन बघायचं, हे बरीच वर्षं मनात होतं. गेल्या एप्रिलच्या शेवटी ते जमलं. मी आणि माझी एक पक्षीवेडी मैत्रीण दहा दिवसांसाठी ग्रीसच्या लेस्व्हॉस बेटावर गेलो.

अथेन्सहून मितिलिनीला, म्हणजे बेटावरच्या मुख्य शहराला, विमान तासाभरात पोचवतं. आम्ही मुद्दाम पिरेयस बंदरातून रात्रीची बोट घेतली. पहाटे किऑस बेट मागे पडलं तेव्हा डेकवर चार-पाच माणसंच होती. उजवीकडे तुर्कस्तानचे डोंगर निळे दिसत होते आणि लाटांना जवळजवळ पंख टेकवत यलकुआन शिअरवॉटर पक्ष्यांची रांग चालली होती. पंख ताठ, एकदा काळी पाठ, एकदा पांढरं पोट. फोटो एकही धड आला नाही, बोट हलत होती. पण समुद्रावरची ती पहाट बघितल्याशिवाय कुणी या बेटावर उतरू नये असं मला वाटतं.

लेस्व्हॉस हे क्रीट आणि एविया यांच्यानंतरचं ग्रीसचं तिसरं मोठं बेट. पूर्वेकडचा भाग ऑलिव्हच्या झाडांनी भरलेला, पश्चिमेकडचा उघडाबोडका, ज्वालामुखीच्या दगडांचा. मधोमध कालोनीचं आखात आत शिरलंय. त्याचं तोंड इतकं अरुंद की आतलं पाणी तळ्यासारखं शांत. याच आखाताच्या काठी स्काला कालोनी हे मच्छीमारांचं गाव आहे आणि एप्रिल-मेमध्ये तिथे निम्मे पाहुणे गळ्यात दुर्बीण घालून फिरत असतात. आम्ही तिथेच राहिलो. गाडी भाड्याने घेतली आणि पहिलं काम म्हणजे किराणा दुकानातून तीन किलो तांदूळ आणले. बीनबॅग आम्ही रिकामीच नेली होती. तांदूळ भरून ती गाडीच्या खिडकीवर टाकली की लेन्सला पक्की बैठक मिळते. लेस्व्हॉसवर गाडी हेच सगळ्यात चांगलं लपण. गाडीला पक्षी बुजत नाहीत, दार उघडून पाय खाली ठेवला की उडतात.

कालोनीची मिठागरं गावाला लागूनच आहेत. पहिल्या सकाळी सहा वाजता आम्ही कडेच्या कच्च्या रस्त्यावर पोचलो तेव्हा मिठाचा पांढरा ढीग गुलाबी दिसत होता आणि त्याच्यापुढे पाण्यात रोहित पक्षी माना खाली घालून चरत होते. भिगवणला उजनीच्या पाण्यावर जे बघतो तेच हे पक्षी, त्यामुळे आधी घरच्यासारखंच वाटलं. मग शेकाट्या दिसले आणि फरक कळला. उजनीवर शेकाट्या म्हणजे लाल काड्यांवर चालणारा शांत पक्षी. इथे त्यांचे विणीचे दिवस. एक जोडी डोक्यावरून आरडाओरडा करत घिरट्या घालत होती, कारण दलदली ससाणा, म्हणजे मार्श हॅरियर, बांधावरून खाली-वर करत येत होता. नदीच्या मुखाशी चक्रवाकांची जोडी होती. आपल्याकडे येणारे चक्रवाक हिमालयापलीकडून उतरतात, हे मात्र इथलेच बारमाही रहिवासी.

फोटो काढणाऱ्यांसाठी एक सांगते. मिठागरांवर नऊनंतर काही हाती लागत नाही. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि दहा मीटरवरचा पक्षीसुद्धा पाण्यात बुडवलेल्या कागदासारखा मऊ येतो. लेन्स कितीही महागाची असो. पहिल्या दिवशी मी साडेदहापर्यंत हट्टाने बसले आणि साडेचारशे फोटो पुसून टाकावे लागले. दुसऱ्या दिवसापासून उन्हाची वेळ त्सिक्नियास नदीकाठच्या सावलीसाठी ठेवली. तिथे तिसऱ्या दिवशी काळा करकोचा मिळाला. उथळ पाण्यात एक पाय उचलून उभा होता आणि मानेवरचा काळा रंग उन्हात हिरवा-जांभळा होत होता.

आखाताच्या पूर्वेला अख्लादेरीचं पाइनचं जंगल आहे. तिथे क्रूपरची शिलींध्री राहते. ही चिमुकली शिलींध्री मुख्यतः तुर्कस्तानची, ग्रीसमध्ये तिला बघायचं तर लेस्व्हॉसलाच यावं लागतं. नराच्या कपाळावर काळी टोपी, छातीवर विटकरी डाग. कुजलेल्या पाइनच्या खोडात भोक पाडून घरटं करते, तेही माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, त्यामुळे तिचं घरटं सगळ्यांना सहज सापडतं आणि तिथेच तिची पंचाईत होते. आम्ही पोचलो तेव्हा एक गट खोडापासून चार पावलांवर उभा राहून मोबाइलवर तिचा आवाज वाजवत होता. नर चोचीत अळी धरून फांदीवरून फांदीवर नाचत होता, आत जाऊ शकत नव्हता. माझा फार संताप झाला. मैत्रिणीने शांतपणे जाऊन त्यांना विनंती केली, ते निघून गेले. मग आम्ही वीस-पंचवीस मीटर मागे, खडकाला टेकून बसलो. दहा मिनिटांत नर आत गेला. माझ्याकडे त्याचा फोटो आहे, फ्रेममध्ये लहान आहे, मला तसाच आवडतो.

त्याच जंगलाजवळ प्राचीन पिरा हे गाव होतं. ख्रिस्तपूर्व 344 च्या सुमारास ॲरिस्टॉटल या बेटावर येऊन राहिला. त्याचा सहकारी थिओफ्रास्टस इथल्याच एरेसोसचा. पिराजवळच्या या आखातातले मासे, माकुळ, शंख यांच्याबद्दल ॲरिस्टॉटलने जे लिहून ठेवलंय ते आजही जीवशास्त्रात मानाने सांगितलं जातं. पक्ष्यांच्या येण्याजाण्याचंही कोडं त्याला पडलं होतं. करकोचे, क्रौंच दूर जातात हे त्याला माहीत होतं, पण काही पक्षी थंडीत बिळात लपून राहतात आणि रेडस्टार्ट हिवाळ्यात रॉबिन होतो असंही त्याने लिहिलं. पाण्याकाठी बसून मला ते चुकीचं वाटेना. एक पाखरू ऑगस्टमध्ये दिसेनासं होतं. ते सरळ रेषेत मोजलं तरी 5 हजार किलोमीटरच्या वर असलेल्या दुसऱ्या देशात जोंधळ्यावर बसलंय, हे कुणाच्या ध्यानीमनी येणार? आम्हाला माळ्यावर तरी कुठे आलं होतं.

चौथ्या दिवशी पश्चिमेला इप्सिलूच्या मठाकडे गेलो. झाडं संपतात, दगड सुरू होतात आणि एका उंच टेकडीवर मठ बसलेला. वारा असा की ट्रायपॉड धरून ठेवावा लागला. इथली प्रसिद्धी सिनेरिअस भारीटाची. राखी अंग, फिकट पिवळसर डोकं, दगडावर बसला की दगडच. जगात मोजक्याच ठिकाणी वीण करणारा हा पक्षी. त्याने आम्हाला दोन तास बसवून ठेवलं आणि मग दहा फुटांवर येऊन गायला. तो थंडीत तांबड्या समुद्राच्या दोन्ही बाजूंना जातो. एकाच टेकडीवर दोन भारीट वीण करतात, एकाची वाट एरिट्रिया-येमेनकडे आणि दुसऱ्याची आमच्या सोलापूर जिल्ह्याकडे. अशी वाटणी कुणी, कधी केली असेल?

पण तो दुसरा कुठे होता? काळ्या डोक्याचा भारीट उशिरा येणारा पाहुणा, एप्रिल संपता संपता उतरायला लागतो. 30 तारखेपर्यंत एकही दिसला नव्हता. अश्मीभूत जंगल बघितलं, दीड-दोन कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत दगड झालेली खोडं. मोलिव्होसचा किल्ला बघितला. वेडे राघू शेकड्याने डोक्यावरून गेले, हळद्या दिसला, लाल डोक्याचा खाटीक दिसला. मैत्रीण खूश होती. मी प्रत्येक तारेकडे बघत होते.

1 मे. सकाळी खाली आलो तर आमच्या घरमालकीण आजी दारावर रानफुलांचं कडं अडकवत होत्या. खसखशीची लाल फुलं, पिवळी शेवंतीसारखी, मध्ये ऑलिव्हची डहाळी. ग्रीसमध्ये मे महिन्याच्या पहिल्या दिवशी दारोदार हे कडं लावतात. गुढीचे दिवस नुकतेच सरले होते, मला ते दार फार ओळखीचं वाटलं. आजींना मी पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं, हा कुठे? त्यांनी चष्मा लावला, हसल्या आणि म्हणाल्या, ‘आंबेलुर्गोस!’

आंबेलुर्गोस म्हणजे द्राक्षमळ्यात राबणारा. आमच्याकडे ज्याला हाकलायला गोफणी, त्याला इथे बागवानाचं नाव. मी ते नाव गाडीत बसेपर्यंत पुटपुटत होते.

आगिया पारास्केवीहून नापीकडे जाणारा रस्ता ऑलिव्हच्या बागांमधून जातो. मध्ये मोकळी रानं, दगडी कुंपणं, काटेरी झुडपं. आठच्या सुमारास खिडकीतून एक आवाज आला. आधी दोन-तीन खरखरीत ठेके, गळा साफ केल्यासारखे, मग स्वर भराभर खाली ओघळत आले आणि शेवटचे दोन एकदम गोल, स्वच्छ. मैत्रिणीने गाडी थांबवली, काही बोलली नाही.

अंजिराच्या झाडाच्या शेंड्यावर तो होता. डोकं काळं कुळकुळीत, कुठेही तपकिरी नाही. हनुवटीपासून पोटापर्यंत हळदीचा पिवळा, पाठीवर विटकरी. गाताना मान मागे टाकायचा, चोच पूर्ण उघडायची आणि गळ्यावरची पिवळी पिसं एकेक सुटी होऊन थरथरायची. मी माळ्यावरून हे पाखरू हजारांनी बघितलं होतं, एक असं कधीच बघितलं नव्हतं. तीसेक ग्रॅमचा जीव. इराण ओलांडून, तुर्कस्तान ओलांडून इथे आला होता. आमच्याच रानातून आला असेल असं म्हणण्याला आधार नाही, पण आमच्या बाजूच्याच कुठल्यातरी शिवारातून.

डोळे पुसून कॅमेरा हातात घेतला. काळं डोकं आणि पिवळी छाती एकत्र आली की कॅमेरा काळ्याला उजळायला जातो आणि पिवळा रंग जळतो. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणलं, तेव्हा छातीवरची पिसं दिसायला लागली. चाळीस फोटो काढले आणि थांबले. मग फोन काढून त्याचं गाणं भरून घेतलं.

संध्याकाळी आबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे दहा वाजत आले होते, तरी जागे होते. म्हटलं, ‘आबा, आपल्या जोंधळ्यातलं पिवळं पाखरू सापडलं. ऐका.’ गाणं संपलं तरी पलीकडून आवाज येईना.

‘हे आपल्याकडं कधी गायलं न्हाई.’

‘थंडीत गात नाही ते, आबा. इथं घर करतं, तेव्हा गातं.’

‘व्हय,’ म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘तिथं दगडं मारतंय का कोण त्येला?’

‘नाही हो.’

‘बरं हाय मग. किती लांब गेलीस गं पोरी त्येच्यापायी.’

पुढचे चारही दिवस आम्ही सकाळी नापीच्या रस्त्यावर गेलो. आता ते सगळीकडे होते, तारांवर, कुंपणांवर, शंभर-शंभर पावलांवर एकेक गाणारा. आमचा अंजिरावरचा मात्र जागा सोडत नव्हता. शेवटच्या सकाळी खाली काट्याच्या जाळीत हालचाल दिसली. मादी आली होती. गवताच्या रंगाची, पोटाशी जरासा पिवळा हात फिरवलेली, अगदी आमच्या रानात दिसायची तशी. ती जाळीच्या आत शिरली, बाहेर आली, परत आत शिरली. नर अंजिरावरून उतरून आमच्या गाडीसमोरच्या दगडावर बसला आणि गाण्याऐवजी नुसतं टिक-टिक करायला लागला. मी लेन्स खाली ठेवली. मैत्रिणीने गाडी रिव्हर्समध्ये टाकली आणि वळणापर्यंत हळूहळू मागे घेतली. तिथून तो दिसत नव्हता. थोड्या वेळाने गाणं सुरू झालेलं ऐकू आलं.