वाळवणाचे ऊन

मार्च उजाडला की बेळगावच्या वडगाव भागातील आमच्या गच्चीवर आईचे राज्य सुरू होते. जुने धोतर पसरून त्याच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, त्यावर सांडगे, कुरडया आणि पापड मांडायचे, कावळ्यांसाठी काठीला काळे फडके बांधायचे आणि मग जिन्यातून हाक मारायची, "मी वाळवण घालतो, तू ऊन बघ की जरा." (आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी 'घालतो', 'जातो' असेच बोलतात, पुण्यातल्या मैत्रिणींना हे समजावता समजावता माझी एमएस्सीची दोन वर्षे संपली.) ऊन बघण्याचे काम माझ्याकडे येते याचे कारण उघड आहे. गेली बावीस वर्षे मी सूर्याचा आणि ताऱ्यांचा अभ्यास करते, पगारही त्याचाच घेते, आणि तरीही चार वाजेपर्यंत ऊन टिकेल की नाही हे मला सांगता येत नाही. ढग हा हवामानवाल्यांचा विषय आहे, असे मी एकदा म्हणाले, तेव्हा आईने विचारले, "मग तुझा सूर्य करतो काय?"

आईच्या लेखी सूर्य हा घरातला सर्वांत भरवशाचा माणूस आहे. तो न सांगता येतो, नेमून दिलेले काम करतो आणि वेळेवर जातो. माझा सगळा उमेदीचा काळ मात्र त्याचा हा शांतपणा सुटतो त्या मोजक्या मिनिटांच्या मागे गेला आहे. सूर्यावरच्या डागांपाशी अचानक ज्वाला भडकते आणि तेथील वायू एक-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो. एकूण उन्हात त्यामुळे पडणारा फरक इतका नगण्य असतो की पापडाला त्याचा पत्ताही लागत नाही. क्ष-किरणांत पाहिले तर मात्र तोच सूर्य काही मिनिटांत शंभरपट तेजस्वी झालेला असू शकतो. हे किरण आठ मिनिटे वीस सेकंदांत आपल्यापर्यंत पोहोचतात, म्हणजे आईने पापडांचे एक धोतर भरेपर्यंत.

अशी ज्वाला सर्वप्रथम पाहिल्याची नोंद आहे ती १ सप्टेंबर १८५९ ची. इंग्लंडमधील रिचर्ड कॅरिंग्टन आपल्या दुर्बिणीने पडद्यावर उमटवलेल्या सूर्यबिंबावरचे डाग रेखाटत बसले होते, आणि एका डागसमूहावर त्यांना डोळे दिपवणारे दोन पांढरे ठिपके दिसले. साक्षीला कोणीतरी असावे म्हणून ते धावत बाहेर गेले आणि मिनिटाभरात परतले, तोवर ते तेज बरेच ओसरले होते. सुदैवाने रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या निरीक्षकानेही तीच ज्वाला स्वतंत्रपणे पाहिली होती. पुढे अठरा तासांच्या आत पृथ्वीवर चुंबकीय वादळ आले, म्हणजे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हेलकावले, युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बिघडली, आणि आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनीही त्या वादळाची नोंद केली. माझ्या व्यवसायाचा स्वभाव मला त्या धावत गेलेल्या माणसात सापडतो. डागांची गुंतागुंत पाहून शक्यता वर्तवता येते, पण ज्वाला नेमकी कोणत्या क्षणी भडकेल हे आजही सांगता येत नाही. मी स्वतः वेधशाळेत सलग अकरा दिवस एका डागावर नजर ठेवून बसले होते आणि बाराव्या दिवशी चहा प्यायला उठले. त्या चहाविषयी मी अधिक लिहिणार नाही.

असे क्षण निसटू नयेत म्हणून काही लोकांनी रोज पाहण्याची सवय लावून घेतली, याचे मला फार अप्रूप वाटते. कोडाईकनालच्या वेधशाळेत १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे काचेच्या प्लेटांवर घेतली जात होती. पीएचडीच्या काळात त्या प्लेटांच्या संगणकीय प्रती मी महिनोन्महिने चाळल्या, आणि कोणत्या वर्षी डाग वाढले, कोणत्या वर्षी विरळ झाले हे अकरा वर्षांचे आवर्तन डोळ्यांसमोर असे सरकत गेले की एखाद्या घरातील जमाखर्चाच्या वह्या वाचतो आहोत असे वाटावे. आता हे काम आदित्य एल-१ हे भारताचे यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरून करते, आणि तिथे ढगही नाहीत, चहाही नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत घडलेल्या त्यावरील दुर्बिणीने २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक्स ६.३ श्रेणीची ज्वाला टिपली. एक्स ही सर्वांत वरची श्रेणी.

ज्वाला भडकते का, हे मला पुस्तकाआधी वडिलांच्या मागाने शिकवले, असे मी विद्यार्थ्यांना सांगते आणि ते अगदीच खोटे नाही. आमच्या खालच्या खोलीत हातमाग होता. ताण्याचे सूत एकमेकांत पिळले जाऊन ताण वाढला की तार टचकन तुटे, आणि बाबा धोटा बाजूला ठेवून तुटलेली टोके बोटांनी पिळून सांधत. सूर्याच्या डागांतून वर येणाऱ्या चुंबकीय रेषाही खालच्या उकळत्या वायूमुळे अशाच पिळल्या जातात, एका मर्यादेनंतर तुटतात आणि लगेच निराळ्या रीतीने सांधल्या जातात, आणि पिळात साठलेली सारी शक्ती त्या सांधण्याच्या क्षणी मोकळी होते. फरक इतकाच की बाबा सांधत तेव्हा खोलीत शांतता असे.

माझे आजोळ जमखंडीचे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा तेथून गेला होता, आणि लेफ्टनंट जॉन हर्शेल हे वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारे उपकरण) घेऊन ऐन पावसाळ्यात पटवर्धनांच्या त्या संस्थानात येऊन थांबले होते. चंद्राआडून डोकावणाऱ्या सूर्याच्या तेजोशिखांच्या (या म्हणजे वरच्या भडकणाऱ्या ज्वाला नव्हेत) वर्णपटात त्यांना ठळक रंगीत रेषा दिसल्या, म्हणजेच त्या शिखा तप्त वायूच्या आहेत हे कळले. आजोळी सुट्ट्या घालवताना हे मला कोणीही सांगितले नाही. ते मी बेंगळुरूच्या ग्रंथालयात वाचले आणि दुपारभर कारण नसताना खुशीत होते. ढगांच्या धास्तीने वर पाहत उभा राहिलेला तो माणूस मला आईच्या फार जवळचा वाटतो.

दहा वर्षे सूर्याची केल्यावर मी ताऱ्यांच्या जन्माकडे वळले. सूर्य लहानपणी कसा होता हे पाहण्याचा दुसरा मार्ग नव्हता, कारण त्याचे वय ४६० कोटी वर्षे आहे. मार्चमध्ये संध्याकाळी आमच्या गच्चीवरून मृग नक्षत्र डोक्यावरून पश्चिमेकडे झुकलेले दिसते; त्यातील तीन ताऱ्यांच्या रांगेखाली जो धूसर ठिपका आहे तो तारे जन्माला येण्याचा कारखाना आहे. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षे दूर असल्यामुळे आज दिसणारा त्याचा प्रकाश निघाला तेव्हा आमच्या या मुलखावर बदामीचे चालुक्य राज्य करीत होते. अशा तेजोमेघांच्या, म्हणजे प्रकाशणाऱ्या वायूच्या ढगांच्या, शेजारी उणे २६० अंशांच्या आसपास गारठलेले काळे ढग असतात. ते स्वतःच्याच वजनाने आत कोसळतात आणि त्यांच्या गाभ्यात तारा पेटतो. या कोसळण्याला अडवणाऱ्या बळांतले एक पुन्हा चुंबकीयच, त्यामुळे विषय बदलला तरी गाठ माझी सुटली नाही. नवजात तारे भराभर फिरतात आणि त्यांच्यावरच्या ज्वाला आपल्या सूर्याच्या मोठ्यात मोठ्या ज्वालेच्या शेकडो, कधी हजारो पटींनी प्रखर असतात. काही कोटी वर्षांनी ते स्थिरावतात. आईचा भरवशाचा सूर्यही या वयातून गेला आहे.

परवा संध्याकाळी सांडगे परातीत गोळा करताना मी तिला हे सगळे सांगितले आणि मृगाखालचा तो ठिपका दाखवला. चष्मा पुसून तिने बराच वेळ वर पाहिले. "एवढ्या उन्हात पापड करपतील की गं," ती म्हणाली. मग परात उचलता उचलता तिने विचारले, "सांडग्यांना अजून एक ऊन पाहिजे. उद्या पडेल काय?"

"पडेल," मी म्हणाले.

ती खाली गेली आणि शेजारच्या काकूंनाही एकदा विचारून आली.