किती दिवसांसाठी?

परवा दुपारी कसल्याशा अर्जाला जोडण्यासाठी नेमणूकपत्राची प्रत हवी होती म्हणून फाईल उघडली, तेव्हा पत्राच्या डाव्या कोपऱ्यात तांबूस डाग उमटलेला दिसला. मुख्य कार्यालयातून निघताना कुणीतरी त्या दोन पानांना स्टेपलरची पिन मारून दिली होती. तिला नख लावताच तिचा भुगा झाला आणि बोटांना लोखंडाचा वास राहिला. डाग मात्र दोन्ही पानांतून आरपार गेला होता. पलीकडच्या टेबलावरचे, निवृत्तीला आलेले सहकारी चष्म्याच्या वरून हा प्रकार पाहत होते. "मॅडम, पिना तिकडे. इथे दोरा लावायचा," असे म्हणून त्यांनी खणातून दाभण आणि पांढऱ्या दोऱ्याचे रीळ काढले, पाने माझ्या हातातून घेतली, कोपऱ्यात एक टाका घातला, गाठ मारली, उरलेला दोरा दातांनी तोडला आणि पत्र परत दिले. त्यांच्या कपाटातल्या सगळ्याच फायली अशा शिवलेल्या आहेत, हे मला तेव्हा दिसले.

बेटावर राहायला आलेल्या माणसाची पहिली ओळख समुद्राशी होत असेल असे वाटते, पण ती खरे तर मिठाशी होते. किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा तिच्या फेसातला प्रत्येक बुडबुडा फुटताना पाण्याचे बारीक कण हवेत उडवतो, ते कण वाऱ्याबरोबर घरात शिरतात आणि जिथे बसतील तिथे मीठ ठेवून जातात. या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि ते हवेतला ओलावा सतत ओढून घेत असल्याने स्वतः कधी पुरते कोरडे होत नाही. त्यामुळे बिजागऱ्या, कात्र्या, कुलुपे, सायकलची साखळी या सगळ्यांवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर कायम असतो आणि लोखंड बसल्या जागी गंजत राहते. चष्मा स्वच्छ पुसून ठेवावा, तर संध्याकाळपर्यंत त्यावर धूसर पुट चढलेले असते. यातून मला एक खोड जडली आहे. रोज रात्री निजण्यापूर्वी मी घरातल्या सगळ्या कड्या आणि कुलुपे एकेकदा उघडून पुन्हा लावते. कुलूप वापरात राहिले की जाम होत नाही, असे कारण मी विचारणाऱ्याला देते आणि ते खरेही आहे; परंतु मागच्या खोलीतल्या रिकाम्या पेटीचे कुलूप रोज का उघडायचे, याचा खुलासा त्या कारणाने होत नाही.

नवी नोकरी बेटावर आहे असे सांगितले तेव्हा ऐकणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले होते. एका तटाला माझा हेवा वाटला, कारण त्यांच्या मते यापुढे मी वाळूत पाय पसरून बसणार होते. दुसऱ्या तटाने मला शिक्षा झाल्यासारखा चेहरा केला. या दोन्ही तटांच्या कल्पनेत जे अजिबात नव्हते ते म्हणजे बोटीचे वेळापत्रक. इथला धक्का उथळ असल्याने ओहोटीला बोट लागत नाही. म्हणजे बोट भरतीच्या तंत्राने चालते आणि भरती चंद्राच्या. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पुरी करेपर्यंत चंद्र थोडा पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला तिला रोज सुमारे ५० मिनिटे जास्त लागतात, आणि म्हणून आज सकाळी आठला आलेली भरती उद्या नवाच्या सुमारास येते. तिथीमागे पाऊण तास, हा किनाऱ्यावरच्या माणसांचा तोंडी हिशेब यातूनच आलेला आहे. ज्या दिनदर्शिकेत मी आजवर केवळ तांबड्या शाईतल्या सुट्ट्या शोधत आले, तिच्यातली बारीक अक्षरांतली तिथी मी आता उठल्याबरोबर वाचते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागते. अष्टमीच्या आगेमागे भांग, तेव्हा ते धड चढत नाही आणि धड उतरतही नाही, आणि बोट येईल की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगत नाही. पलीकडच्या गावातल्या दंतवैद्यांनी वेळ दिली तेव्हा मी फोनवर म्हणाले, "त्या दिवशी अष्टमी आहे हो, मला जमणार नाही." पलीकडे काही क्षण शांतता होती. त्यानंतर त्यांनी फार आदराने नवमीची वेळ दिली. माझा काही कडक उपवास असावा अशी त्यांची समजूत झाली असावी आणि ती मी अद्याप दूर केलेली नाही.

बोटीची अशी वाट पाहण्याचा सराव मला लहानपणी भरपूर झाला होता. सुट्टीच्या दुपारी मोठी माणसे आडवी झाली की आम्ही भावंडे पलंगाला बेट आणि फरशीला समुद्र ठरवत असू. ज्याचा पाय खाली लागला तो बुडाला. बेटावर चढण्यापूर्वी सामान गोळा करणे हा भाग प्रत्यक्ष खेळापेक्षा मोठा असे: दोन उशा, बॅटरी, सुतळीचा गुंडा, एक फूटपट्टी, जी कशासाठी घ्यायची हे कुणालाच ठाऊक नव्हते, आणि पाण्याची बाटली. पाणी पहिल्या दहा मिनिटांत संपायचे, कारण बेटावर गेल्या गेल्या सगळ्यांना तहान लागायची. मग आजीला हाका सुरू व्हायच्या. आजीने हा खेळ कधीही मान्य केला नाही. ती भर समुद्रातून सरळ चालत यायची, बाटली भरून द्यायची, "चादरीचा काय बोळा केलाय मेल्यांनो" असे म्हणायची आणि समुद्रातूनच चालत परत जायची. ती बुडत कशी नाही, असा धाकट्या भावाचा रोजचा आक्षेप असे. मी थोरली असल्याने त्यावर निर्णय दिला की आजी ही बोट आहे. या निर्णयाचा पुढे आम्हालाच जाच झाला, कारण आजीला डुलकी लागली की आज बोट रद्द असे जाहीर करणे भाग पडू लागले, आणि माठ चार पावलांवर दिसत असताना आम्ही नियमाला बांधलेले, कोरड्या घशाने पलंगावर बसून राहू लागलो.

त्या खेळातली एक गोष्ट मात्र अगदी खरी होती. बेटावर काळजी करायची ती पाण्याची. माझ्या घरामागे विहीर आहे, तिचे पाणी गोडे आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना मधोमध हे गोडे पाणी आले कुठून, असा विचार माझ्या मनात आला तो उन्हाळ्यात पंप बंद ठेवण्याची सूचना लागल्यावर. वाळूत मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्याने जमिनीखाली त्याच्यावर तरंगत राहते. मध्ये जाड, कडेला पातळ, एखाद्या भिंगासारखे. घायबेन या डच अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने १९०१ मध्ये, एकमेकांशी संबंध नसताना, याचे एकच गणित मांडले. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या वर १ मीटर असेल, तर सपाटीखाली ते सुमारे ४० मीटर खोलवर असते. ऐकायला हे फार दिलासादायक वाटते, पण हे गणित उलटेही चालते: उपसा करून वरची पातळी वीतभर खाली आणली, की कालांतराने खालचे खारे पाणी चाळीस विती वर चढते, आणि एकदा चढलेले पाणी पुढच्या पावसाळ्यात मुकाट्याने खाली जाईलच असे नाही. लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला २००५ पासून समुद्राच्या वरच्या उबदार आणि खोलवरच्या थंड पाण्यातल्या तापमानाच्या फरकावर गोडे पाणी तयार करतात, रोज सुमारे एक लाख लिटर. आमच्याकडे अजून पोहरा आहे. पोहरा बुडवायचा, अर्धाच भरू द्यायचा, सावकाश ओढायचा, तळ ढवळायचा नाही. भाजी धुतलेले पाणी कुंडीत आणि कुंडीखालच्या ताटलीत उतरलेले पुन्हा दुसऱ्या कुंडीत. इथे आल्यावर मला सर्वांत जड काय गेले असे कुणी विचारले तर ते हेच, नळ सोडून दुसरीकडे पाहण्याची चैन गेली.

लोकांना मात्र उत्तर म्हणून एकटेपणा हवा असतो. वस्तुतः इथे एकटे राहता येत नाही हीच खरी अडचण आहे. मोठ्या शहरात ज्याच्याशी सकाळी वाजले तो संध्याकाळी गर्दीत नाहीसा होतो. इथे तो संध्याकाळी धक्क्यावर आपल्याच बाकावर बसलेला असतो आणि पाऊस आला तर दोघांना छप्पर एकच असते. त्यामुळे इथली माणसे भांडण मुद्दाम लहान ठेवतात, मुद्दा अर्धा सोडून देतात, आवाज चढू देत नाहीत. ही रीत मला मनापासून आवडलेली नाही, कारण काही भांडणे शेवटाला गेलेली बरी असतात. रस्त्यात भेटणारा अनोळखी माणूस माझे नाव किंवा गाव विचारत नाही, तो विचारतो, "किती दिवसांसाठी?" मी करारातली मुदत सांगते. तो मान डोलावतो आणि त्या मुदतीला शोभेल इतकीच ओळख माझ्याशी ठेवतो.

यात त्याचे काही चुकते असे मला वाटत नाही. १८१४ मध्ये नेपोलियनला एल्बावर पाठवले तेव्हा त्या बेटाचे राज्यच त्याच्या हाती दिलेले होते. त्याने रस्ते काढले, लोखंडाच्या खाणींचा कारभार पाहिला, सगळी व्यवस्था नव्याने लावायला घेतली, आणि दहा महिने भरतात न भरतात तोच फेब्रुवारी १८१५ मध्ये तो निघून गेला. एल्बाच्या लोकांना तेव्हा काय वाटले असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत फारसा आढळत नाही, कारण पुस्तके त्याच्याबरोबर लगेच वॉटर्लूला जातात. बेटावर कामासाठी आलेला प्रत्येक अधिकारी लहानसा नेपोलियन असतो. तो कपाटांच्या जागा बदलतो आणि नवी नोंदवही सुरू करतो. आमच्या कार्यालयात पहिली काहीच पाने भरलेल्या नोंदवह्यांची एक आख्खी फळी आहे. माझीही एक सुरू आहे.

मूळच्या रहिवाशांची गोष्ट निराळी. दक्षिण अटलांटिकमधल्या ट्रिस्टन दा कुन्हावर १९६१ मध्ये ज्वालामुखी जागा झाला आणि सगळी वस्ती, अडीचशेहून अधिक माणसे, इंग्लंडला हलवावी लागली. तिथे त्यांना घरे मिळाली, कामे मिळाली, आणि १९६३ मध्ये त्यांतले बहुतेक जण बोटीत बसून परत गेले, जिथून सर्वांत जवळची वस्ती दोन हजार किलोमीटरहून दूर आहे अशा त्या ठिकाणी. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डावर याच्या उलट घडले. तिथे उरलेल्या ३६ जणांनी आपण होऊन सरकारकडे अर्ज केला आणि ऑगस्ट १९३० मध्ये बेट कायमचे सोडले; निघताना त्यांनी घराघरांत उघडे बायबल आणि धान्याची छोटीशी रास ठेवली होती असे सांगतात. परत जाणाऱ्यांचा हट्ट मला कळतो. ती धान्याची रास कुणासाठी होती, हे मात्र कितीही विचार केला तरी कळत नाही.

शेजारची सात-आठ वर्षांची मुलगी संध्याकाळी माझ्या अंगणात सायकल फिरवायला येते. सायकल तिच्या मापाची नाही, दांड्याखालून पाय घालून ती चालवते. ही सायकल या घरात आधी राहणाऱ्या काकांची, असे तिनेच मला सांगितले. त्यांच्या आधीच्या मावशींनी जाताना अभ्यासाचे टेबल दिले होते आणि त्यांच्याही आधीच्यांनी एक मांजर, पण ते राहिले नाही. ही यादी सांगताना तिच्या आवाजात खंत वगैरे काही नव्हती. मग तिने पायरीला सायकल टेकवली आणि विचारले, "काकू, तुम्ही काय ठेवून जाणार?"

मी म्हटले, अगं, आत्ताच तर आले आहे, अजून काही ठरवलेले नाही. हे उत्तर तिला पटले नाही. ती दारातूनच आत वाकली, कपाट, खुर्ची, दिवा असे एकेक पाहत गेली आणि भिंतीवरच्या घड्याळाशी थांबली. "हे चालेल," ती म्हणाली. मी बरे म्हटले. तेव्हापासून घड्याळ तिच्या नावावर आहे. सेल घालण्याचे काम तूर्त माझ्याकडे आहे, आणि ते दोन मिनिटे मागे पडले की तक्रार घेऊन ती लगोलग येते.