आमची वाटचाल: चादरीच्या कारखान्यातून उंबऱ्यापर्यंत

आमचा चादरीचा कारखाना सोलापुरात पूर्व भागात, माझ्या सासऱ्यांनी उभा केलेला. घरात तेलुगू, दुकानात मराठी, भांडण दोन्हीत. चादरी आणि टॉवेल हा रोजचा माल, शिवाय जॅकॉर्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, भिंतीला लावायची वॉल हँगिंगही निघायची. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सगळ्यांनाच बरं वाटलं, पण मानांकनाने गोडाऊन रिकामं होत नाही. पानिपतची मऊ मिंक ब्लँकेटं बाजारात आली, आहेरातून चादर मागे पडत गेली आणि आमच्याकडे चांगला माल पडून राहू लागला.

मग चादरीचाच दाराला पडदा करता येईल का, हे बघायला मी टेप घेऊन बसले. आमची सिंगल चादर ६० बाय ९० इंचांची. घराचं दार ७ फुटी, म्हणजे ८४ इंच. उरलेल्या ६ इंचांत वरची नळी आणि खालची दुमड बसते. दाराची रुंदी ३ फूट धरली तर ६० इंचांत चुण्या पडायला भरपूर कापड मिळतं. कात्री लावायचीच गरज नाही. चादर जड असते एवढंच, म्हणून स्प्रिंगचा रॉड टिकत नाही. भिंतीत ब्रॅकेट ठोकून स्टीलचा पाइप घालावा लागतो. या पडद्यांवर आमचं दुसरं दुकान उभं राहिलं.

नोटाबंदीच्या आसपासची गोष्ट. जुळे सोलापूरच्या एका काकूंनी पडदा नेला आणि दोन दिवसांनी घरी बोलावलं. "पडदा झकास आहे गं, पण जरा दारात उभी राहून बघ," म्हणाल्या. बघितलं. चपलांचा ढीग, पाण्याचा पाइप, हेल्मेट आणि दोन निळे ड्रम. त्यामागे आमचा मरून पडदा! तिथून पडद्याबरोबर दाराची सजावटही आम्ही हाती घेतली.

पुण्या-मुंबईकडच्या मासिकांत दाराची सजावट म्हणजे आरसा, एक कुंडी आणि बुद्धाची मूर्ती. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उजनी धरण काठोकाठ भरलं तरी ड्रम काही हलत नाही. तेव्हा इथे सजावट करायची ती ड्रम धरूनच. तो गच्चीवर टाका, असं सांगणाऱ्या डिझायनरने एकदा बादलीने पाणी वर चढवून दाखवावं.

२०० लिटरचा ड्रम साधारण २ फूट रुंद आणि ३ फूट उंच असतो. ही उंची बसायला जास्त, पण किल्ल्या, दुधाची पिशवी, मोबाइल ठेवायला अगदी हाताशी. म्हणून आम्ही ड्रमभोवती त्याच्याहून चार बोटं उंच कपाट करतो. वरची फळी बिजागरीवर उघडते, म्हणजे पाइप सरळ आत सोडता येतो. पुढे जाळीचं दार. तळ बंद करत नाही, सांडलेलं पाणी वाहून जायला हवं. ड्रमचं स्वतःचं झाकण मात्र घट्ट बसलंच पाहिजे, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळले म्हणायचे. प्लाय मरीनच घ्यावा, हे आमच्या मिस्त्रींचं मत आणि माझंही. साधा प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो, मग सनमायका कितीही भारी असो.

चपलांचं गणित वेगळं. आडव्या फळ्यांच्या रॅकला १२ इंच खोली लागते. पॅसेज ३ फुटांचा असेल तर माणसाला चालायला उरतात २ फूट, आणि हातात गॅसची टाकी असली की कोपर घासतं. तिथे पुढे झुकून उघडणारं, ७-८ इंच खोलीचं कपाट बसवतो. उंबऱ्यासमोरची जागा मात्र मोकळीच ठेवतो. रांगोळी कुठे काढायची, हे घरातल्या मोठ्या बाईला विचारल्याशिवाय मिस्त्री ड्रिल हातात घेत नाहीत.

वॉल हँगिंगचा जुना साठा पॅसेजच्या अरुंद भिंतींवर गेला. उभा पट्टा, वरून ३००० केल्विनचा पिवळसर दिवा, बस्स. एकाच भिंतीवर आरसा, फ्रेम, घड्याळ आणि मोर सगळं हवं म्हणणाऱ्यांशी मी अजून वाद घालते. दार पश्चिमेला असेल तर गडद निळा पडदा देत नाही. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तो विटतोच.

सोलापूरजवळच्या कुंभारीकडची कामं यायला लागल्यावर मात्र आमच्या बऱ्याच कल्पना बाजूला ठेवाव्या लागल्या. विडी कामगार बायकांसाठीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली घरं २००६ मध्ये दिली गेली. शेजारच्या रे नगरची पहिली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला. इथे दार म्हणजे कामाची जागा. उजेडासाठी अक्का उंबऱ्यापाशीच सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसतात. तिथे चपलांचं कपाट ठेवलं की बसायची जागा गेली, आणि पिवळा दिवा लावला तर पान नीट दिसत नाही. म्हणून तिथे पांढरा दिवा, पाठ टेकायला भिंतीला चादरीची गादी आणि वर, डोक्याला लागणार नाही अशा उंचीवर, चपला सोडून बाकी सगळ्यासाठी फळी. चपला दाराबाहेर, झाकणाच्या पेटीत. त्या पेटीवर शेजारीण येऊन बसते, म्हणून तिची फळी १८ मिलिमीटरची.

आज कारखान्यातले निम्मे माग पडद्यांच्या आणि गाद्यांच्या कापडावर चालतात. लॉकडाऊननंतर पुण्यात स्थायिक झालेल्या सोलापूरकरांच्या ऑर्डरी वाढल्या. त्यांना ड्रमचं कपाट नको असतं, चादरीचा पडदा हवा असतो. गावातल्या घरी माप घ्यायला आम्ही मुद्दाम पाण्याच्या दिवशी येतो. फोन करताना तुमच्या भागात पाणी कधी येतं ते आधी सांगा, वेळ आम्ही त्यावरून ठरवू.