उष्णता नव्हे, खरूज

पावसाळ्यात आमच्या मुलांच्या ओपीडीबाहेरचा बाक नुसता खाजवत असतो. घामोळं, नायटा, पिकलेले फोड. पण माझा घसा बसतो तो खरजेपायी.

परवा चार वर्षांची एक पोर तिसऱ्यांदा आली. "सिस्टर, औषधच बोगस आहे," आई करवादली. मी पोरीची बोटं फाकवली. बेचक्यांत पुटकुळ्या, बेंबीभोवती ओरखडे. रात्री जास्त खाजतं? हो. घरात आणखी कोण खाजवतं? आई जरा थांबली. "सासूबाई. पण त्यांना उष्णता आहे."

ही उष्णता! कुर्ल्यात दहा बाय बाराची खोली, माणसं सहा, नात झोपते आजीच्या कुशीत. मलम एकटीलाच, तेही खाजेल तिथे टिकल्यांसारखं. मध्ये शेजारणीने दिलेली स्टिरॉइडची ट्यूबही लावून झालेली. तिने लाली उतरते, पण कातडीत शिरून खरूज करणारा बारीक किडा मजेत राहतो.

मग मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. डॉक्टरांनी दिलेलं ५ टक्के परमेथ्रिनचं, म्हणजे हा किडा मारणारं, मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, खाज असो नसो. मानेपासून तळपायापर्यंत, नखांखाली, काखेत, जांघेत. तान्ह्यांना डोक्याला आणि चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून; दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. मोठ्या माणसाला ३० ग्रॅमची एक ट्यूब सहज लागते. ८ ते १२ तास ठेवून आंघोळ. मधे हात धुतले की हातांना परत. अंगठा चोखणाऱ्या पोराच्या हातात मोजे चढवायचे. ७ दिवसांनी हे सगळं पुन्हा.

"आणि चादरी? या पावसात वाळतात कुठे?" बरोबर आहे. गरम पाण्यातून काढता आल्या तर उत्तम, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर माळ्यावर टाका. अंगाबाहेर हा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे तगत नाही. खाज मात्र किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे रेंगाळते. म्हणून रोज मलम चोपडायचं नाही.

"सासूबाई ऐकायच्या नाहीत," ती म्हणाली. मग मी माझं सांगितलं. ट्रेनिंगला असताना आमच्या हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याला खरूज झाली होती. मेट्रनबाईंनी रात्री नऊला सगळ्यांना रांगेत उभं करून स्वतः पाठींना मलम चोळलं, आणि शेवटी आपलीही पाठ आमच्यापुढे केली.

ती खुदकन हसली. "आजींना घेऊनच या सोमवारी," मी म्हटलं. "त्यांच्या पाठीला मी लावते."