रास्पबेरी पायवरचं घरचं शेअर: नवीन लॅपटॉपचं घोडं कुठे अडलं होतं

मंडळी, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरचा सांबा सर्व्हर (विंडोजला फोल्डर शेअर करून देणारं सॉफ्टवेअर) मस्त चालू होता, विंडोज १० प्रोवाला जुना पीसी, फोन सगळे आत जात होते, फक्त नवीन लॅपटॉप (विंडोज ११ प्रो, २४एच२) काही केल्या शेअर (पायवरचं सामायिक फोल्डर) उघडेना. पिंग जातंय, पॉवरशेलमधून फाइल शेअरिंगचा ४४५ पोर्ट बघितला तर तोही ओपन, म्हणजे राउटर-फायरवॉलवर संशय घेण्यात अर्थ नव्हता. नावाऐवजी थेट आयपी टाकला तेव्हा खरा मेसेज आला, की ऑर्गनायझेशनची सिक्युरिटी पॉलिसी पासवर्डशिवायचा गेस्ट अॅक्सेस अडवतेय. घरच्या लॅपटॉपला कसली आलीय ऑर्गनायझेशन, पण मेसेजमध्ये तसंच लिहिलेलं असतं 😄

तर भानगड अशी. माझ्या कॉन्फिगमध्ये 'मॅप टू गेस्ट = बॅड यूजर' आहे, म्हणजे सांबाला अनोळखी नाव आलं की तो गुपचूप गेस्ट म्हणून आत घेतो. २४एच२ पासून प्रो एडिशन एसएमबी (विंडोजचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) सायनिंग, म्हणजे प्रत्येक संदेशावर डिजिटल सही, मागते आणि सायनिंगची की निघते पासवर्डवरून, गेस्टला पासवर्डच नाही तर सही कशाची करणार? म्हणून विंडोज स्वतःच मागे फिरतं, पायच्या लॉगमध्ये शोधत बसू नका.

नेटवर सगळीकडे ग्रुप पॉलिसीतून इनसिक्युअर गेस्ट लॉगऑन चालू करा आणि सायनिंग बंद करा असंच सांगतात. चालतं ते, पण एका फोल्डरसाठी अख्ख्या लॅपटॉपची कडी काढून ठेवायची हे मला पटत नाही. त्यापेक्षा पायवर एक साधा यूजर बनवला, 'एसएमबीपासडब्ल्यूडी -ए' ने त्याला सांबाचा पासवर्ड दिला, शेअरमधलं 'गेस्ट ओके' नो केलं, सर्व्हिस रिस्टार्ट. तरी १२१९ एरर! विंडोज एकाच सर्व्हरला दोन वेगळ्या यूजरनेमनी जोडू देत नाही आणि जुनं कनेक्शन अजून लटकलेलं होतं. 'नेट यूज * /डिलीट' मारलं, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंद उडवली आणि झालं, एसएमबीची आवृत्ती (डायलेक्ट) ३.१.१ दाखवतोय. जुन्या पीसीवर आणि फोनवरही आता पासवर्ड टाकावा लागला, तेवढं चालायचंच.

एक्सप्लोररच्या नेटवर्कमध्ये पाय दिसावा म्हणून डब्ल्यूएसडीडी (विंडोजला पाय शोधून देणारी छोटी सर्व्हिस) टाकलं, तेही झकास.

राहिला हॉलमधला जुना मीडिया प्लेयर, त्याला फक्त एसएमबी१ (एसएमबीची जुनी, असुरक्षित आवृत्ती) येतं. एसएमबी१ मधूनच पसरलेल्या २०१७ च्या वॉनाक्राय रॅन्समवेअरनंतर ते परत चालू करायची माझी तयारी नाही, त्याच्यासाठी मिनीडीएलएनए (नेटवर्कवर व्हिडिओ-गाणी पुरवणारा मीडिया सर्व्हर) लावायचा विचार आहे. कोणी पायवर चालवत असेल तर मराठी सबटायटल नीट दिसतात का तेवढं सांगा.