आमची वाटचाल : काळी चांदी ते रंगीत रुपया

बाबा नाशिकच्या सराफ बाजारात चांदीचे कारागीर. पैंजण, करंडे, निरांजनं, आणि मागणी आली की ऑक्सिडाइज्ड दागिने. नाव ऑक्सिडाइज्ड, पण काम सगळं गंधकाचं. गंधकाच्या क्षाराच्या कोमट पाण्यात चांदी बुडवायची, काळी पडली की वरचा भाग घासून उजळ करायचा. घरभर कुजक्या अंड्यांचा वास. आई खिडक्या उघडत फिरायची.

२०११ पासून मी मोडीत आलेले राणीछाप, राजाछाप रुपये वेगळे काढायला लागले. आटणीत जाणारा रुपया वजनाच्या भावात मिळायचा: ११.६६ ग्रॅम, आणि १९४० च्या आधीचा असेल तर त्यात ९१.७ टक्के चांदी. संग्राहक मात्र त्याचं साल, टांकसाळ आणि झीज पाहून पैसे मोजत. सुटीच्या दिवशी अंजनेरीला नाणकशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात जाऊन नाण्याकडे बघायचं कसं ते शिकले. २०१६ मध्ये फोटो काढून ऑनलाइन विक्री सुरू केली. परदेशातले मराठी ग्राहकही विचारतात, त्यांना नाही म्हणावं लागतं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांपुढची नाणी पुरावस्तू ठरतात आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

ठेच लागली २०१८ मध्ये. एका प्रदर्शनात वीस नाण्यांचा लॉट घेतला. त्यात पंचम जॉर्जचा १९१८ चा एक रुपया होता, मोरपिसासारखा निळा-जांभळा. मी हरखलेच. ‘नैसर्गिक टोनिंग’, म्हणजे रंग काळाच्या ओघात आपोआप चढलेला, असं लिहून दसपट किमतीला विकला. आठवड्याने सोलापूरच्या ग्राहकाचा फोन आला, शांतपणे : “मॅडम, राजाच्या गालावर झीज आहे, आणि रंग त्या झिजेवरही तेवढाच ताजा आहे. हे कसं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे परत केले, कुरिअरचेसुद्धा.

नाणं परत आलं तेव्हा बाबांनी ते भिंगाखाली धरलं आणि हसले. रात्री उकडलेलं अंडं कुस्करून डब्यात ठेवलं, शेजारी अंड्याला लागणार नाही असा दुसरा एक स्वच्छ रुपया, वर झाकण. सकाळपर्यंत रुपया सोनेरी, तांबूस आणि कडेला निळा झालेला. “आता विक हा,” म्हणाले.

मग आमची खरी शिकवणी झाली. चांदीवर गंधक बसून सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे रंग दिसतात, तसेच त्या थराच्या जाडीप्रमाणे रंग दिसतात : आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, जांभळा, निळा. वर्षानुवर्षं लाकडी खणात, कागदी पाकिटात किंवा कापडी थैलीत पडून राहिलेल्या नाण्यावर हे रंग सहसा कडेकडून आत सावकाश उतरतात. अक्षरांच्या आडोशाला थर मागे राहतो, म्हणून अक्षराभोवती वेगळ्या छटेची बारीक किनार दिसते. दिव्याखाली नाणं फिरवलं की रंगाच्या खालून टांकसाळीची झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी फिरते. घाईने चढवलेला रंग बहुतेकदा वरवर तरंगतो, ओरखड्यात आणि झिजलेल्या उंचवट्यावर सारखाच बसतो, किंवा सोनेरी टप्पा गाळून एकदम निळ्यावर उडी मारतो. शाईचा किंवा लाखेचा रंग असेल तर ॲसिटोनमध्ये निघून जातो. गंधकाचा निघत नाही, मग तो खरा असो की अंड्याचा. आणि अंड्याचा रंगही क्रमाने चढतो, म्हणून नुसत्या क्रमावर मी कधीच निकाल देत नाही.

त्यापेक्षा मी आता वेगळंच पाहते. आपल्याकडचा घरचा रुपया म्हणजे लक्ष्मीपूजनाचा रुपया. दरवर्षी चिंचेने नाहीतर रिठ्याने घासलेला, दुधाने धुतलेला, वर हळदकुंकू. अक्षरांच्या खाचेत कुंकवाची लाली भरलेली आणि चेहऱ्यावर मोरपंखी निळाई, असं नाणं आलं की मी विचारते : दर दिवाळीला घासलेल्या चांदीवर हा रंग कधी बसला? विकणारे बहुधा गप्प होतात. काही रागावतातही.

नाणी तपासून दर्जा ठरवणाऱ्या परदेशी ग्रेडिंग कंपन्याही इथे अडतात. त्यांतल्या पीसीजीएस या अमेरिकी कंपनीकडे ‘शंकास्पद रंग’ असा स्वतंत्र शेराच आहे. तेव्हा मी स्वतःला फार दोष देत नाही.

आता प्रत्येक नाण्याचा फोटो रंग न वाढवता देतो, शिवाय दिव्याखाली फिरवलेला छोटा व्हिडिओ. फोटोत कुठलाही रुपया इंद्रधनुष्य होतो, व्हिडिओत लपवणं कठीण जातं. वर्णनात तीनच शेरे : रंग नैसर्गिक वाटतो, रंग चढवलेला, सांगता येत नाही. बाबांचा अंड्यातला रुपया दुसऱ्या शेऱ्यासकट काउंटरवर ठेवलाय. तिसऱ्या शेऱ्याची नाणी सगळ्यात जास्त साठतात, आणि चांदीच्या भावाच्या जेमतेम वर जातात.