भेंडी, अनुक्रमांक अकरा

आमच्या बिल्डिंगमधले एक काका 2024 च्या विधानसभेला उभे होते. अपक्ष. नाव लिहीत नाही, कारण हे वाचलं तर आधी फोन करून ओरडतील आणि मग स्वतःच सगळ्या ग्रुपवर फॉरवर्ड करतील. सोसायटीत त्यांना सगळे सेक्रेटरी काकाच म्हणतात, सेक्रेटरीपद सोडून सहा वर्षं झाली तरी.

उभे का राहिले, तर फुटपाथ. आमच्या गल्लीच्या तोंडाला जो फुटपाथ आहे त्यावर आधी एक लाईटचा डीपी आला, मग त्या डीपीच्या आधाराने भुर्जीची गाडी, मग गाडीच्या आधाराने बाईक, आणि काकांना दुधाला जायचं तर रस्त्यावरून रिक्षांच्या मधून जावं लागायचं. त्यांनी अर्ज केले, एवढे केले की त्यांची फाईल आमच्या गॅसच्या पासबुकापासून सगळ्या कागदांपेक्षा जाड झाली. शेवटी एका ऑफिसात कोणीतरी त्यांना वैतागून म्हणालं, एवढीच हौस असेल तर निवडणूक लढवा ना. त्या माणसाला वाटलं असेल विषय संपला. त्याला आमचे काका माहीत नव्हते.

अपक्षाला दहा सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारे लागतात, त्याच मतदारसंघातले मतदार. मोठ्या मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एकच पुरतो. काकांनी बिल्डिंगमधल्या मतदारयादीचा प्रिंट काढला आणि ए विंगपासून बेल वाजवत सुटले. मी सातवी. यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, सही. "सही केली म्हणजे मत द्यायलाच हवं असं नाही हं," असं काका प्रत्येकाला सांगत होते, पण ज्या नजरेने सांगत होते ती नजर वेगळंच सांगत होती.

मग ते प्रतिज्ञापत्र, नमुना 26. माझं त्या दिवशी वर्क फ्रॉम होम होतं म्हणून मला भरायला बसवलं. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, नसेल तर निरंक लिहायचं. शेतजमीन, निरंक. व्यापारी इमारत, निरंक. वाहनांच्या रकान्यात मोटारीसोबत विमान, यॉट आणि जहाजंसुद्धा विचारलेली, तिथे काकांची ॲक्टिव्हा, मॉडेल 2011, डाव्या बाजूचा आरसा नाही (हे मी लिहिलं नाही, पण मोह झाला होता). पुढे जोडीदाराचे दागिने, वजनासकट. काकू आतून म्हणाल्या, "माझ्या बांगड्या किती ग्रॅमच्या हे आता अख्ख्या ठाण्याला कळणार का?" हो, कळणार, ते सगळं वेबसाईटवर टाकतात. काकू त्यानंतर दोन दिवस बोलत नव्हत्या, आणि काकांची एक एफडी काकूंना त्याच कागदावरून पहिल्यांदा कळली म्हणून पुढचे दोन दिवस.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस 29 ऑक्टोबर, म्हणजे धनत्रयोदशी. काकांनी दहा हजारांचं डिपॉझिट रोख नेलेलं, शंभराच्या नोटा, बँकेच्या सवयीने रबरबँड लावून. उमेदवारासोबत आत फक्त चार जण जाऊ देतात. आम्ही होतोच तीन. बाहेर शंभर मीटरवर ढोल, गुलाल, क्रेनला लटकवलेला हार, आणि त्या सगळ्यातून काका ॲक्टिव्हा पार्क करायला जागा शोधतायत.

दिवाळीच्या दिवशी पहाटे तलावपाळीला आणि राम मारुती रोडला जी गर्दी असते त्या गर्दीत काका प्रचार करत फिरले. पण चिन्ह अजून मिळालेलंच नव्हतं. "मला मत द्या." "चिन्ह काय काका?" "चार तारखेला मिळणार आहे." लोक हॅपी दिवाळी म्हणून पुढे जायचे.

त्या चार तारखेची खरी गोष्ट काकूंनी मला नंतर सांगितली. 4 नोव्हेंबर हा अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस, दुपारी तीनपर्यंत. टीव्हीवर सकाळपासून तेच, अमुक बंडखोराची मनधरणी, तमुक अपक्षाच्या घरी रात्री दोनला नेते. काकांनी अंघोळ करून इस्त्रीचा कुर्ता घातला आणि हॉलमध्ये बसले. काकूंना म्हणाले, फराळ आहे ना शिल्लक? चकल्या मऊ पडल्या होत्या, त्या तव्यावर परत गरम करायला लावल्या. मी मागे हटणार नाही, पण येतील त्यांना चहा तर द्यायला हवा, असं म्हणे. अकरा वाजले. साडेबाराला बेल वाजली, काका उठून उभे राहिले, कुर्ता खाली ओढला. सिलिंडरवाला होता. दोनला परत वाजली, ते कुरिअर. अडीचला काका स्वतःच एक चकली उचलून खात खात म्हणाले, "घाबरले वाटतं," आणि रिक्षा करून चिन्ह आणायला गेले.

चिन्हांसाठी तीन पसंती लिहून द्यायच्या असतात. काकांची पहिली रोड रोलर, साहजिकच. दुसरी प्रेशर कुकर. तिसरी काय लिहायची म्हणून आयोगाची ती लांबलचक यादी चाळत होते तेव्हा काकू समोर भाजी चिरत बसल्या होत्या, म्हणून भेंडी. रोड रोलर आणखी एका अपक्षालाही हवा होता, चिठ्ठी टाकली, काका हरले. कुकर आधीच गेलेला. तर भेंडी.

आता ठाण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला सांगायला नको की भेंडी ही फक्त भाजी नाही, शिवीच्या जागी वापरायचा शब्दही आहे. काका गल्लीत शिरले की नाक्यावरची पोरं "ए भेंडीऽऽ" करून ओरडायची, आणि आचारसंहितेत त्यावर काही करता येत नव्हतं कारण तो प्रचारच होता. खालची लहान मुलं ताई माई अक्का विचार करा पक्का, भेंडीवर मारा शिक्का असं ओरडत सायकली फिरवायची. काकांना वाटलं हवा तयार होतेय.

प्रचार म्हणजे गणपतीत आरतीला वापरतो तो ब्लूटूथ स्पीकर आणि एक हजार पत्रकं, खाली नियमाप्रमाणे मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव. खर्चाची मर्यादा 40 लाख, काकांचा झाला एकतीस हजार, त्यात डिपॉझिट धरून. त्याची वही आयोग देतं, पांढरी, गुलाबी आणि पिवळी पानं. काका रोज रात्री ती वही अशी लिहायचे जशी काही बँकेची शाखा परत सुरू झालीय. काकूंनी कार्यकर्त्यांना, म्हणजे मला आणि वॉचमनच्या मुलाला, जो घरचा चहा दिला तो खर्चात दाखवायचा की नाही यावर त्यांनी निवडणूक कार्यालयात फोन केला होता. दोनदा.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. आमच्या गल्लीत मोठ्या उमेदवाराची पदयात्रा आली. पुढे ताशा, मागे ड्रोन, मध्ये साहेब, दोन्ही बाजूला त्यांना वाट करून देणारे आणि वाट अडवणारे तेच लोक, गेटवर आमच्याच बायका ओवाळायला ताम्हण घेऊन (मीही होते, निरांजन विझू नये म्हणून हात धरून). काका नेमके दूध घेऊन येत होते. फुटपाथ नाहीच, रस्त्यात पदयात्रा, मागे जायला जागा नाही. काका भिंतीला चिकटून उभे राहिले, एका हातात पिशवी, खिशात भेंडीची पत्रकं. साहेबांचं लक्ष गेलं. ज्येष्ठ नागरिक दिसले की त्यांचा हात आपोआप खाली जातो, तसे ते वाकले, काकांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "काका, लक्ष असू द्या, आशीर्वाद द्या."

त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत, हा प्रतिस्पर्धी आहे. आणि काकांनी, पंचाहत्तर वर्षांची सवय हो, दुधाची पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "यशस्वी भव."

फोटोग्राफरने टिपलं. संध्याकाळी तो फोटो त्या पक्षाच्या पेजवर, ज्येष्ठांचा आशीर्वाद म्हणून. काकांनी तक्रार करायची ठरवली, मग फोटो झूम करून बघितला, चांगला आला होता, ठेवला.

वीस तारखेला मतदान. मशीनवर अकरावं बटण, शेजारी भेंडी, इतकी छोटी की सुई वाटावी. मत दिलं की व्हीव्हीपॅटच्या काचेमागे सात सेकंद चिठ्ठी दिसते, काळी-पांढरी. माझ्या चिठ्ठीवर काय दिसलं ते मी सांगणार नाही, मतदान गुप्त असतं.

23 ला निकाल. काकांना एकूण 214 मतं. डिपॉझिट वाचवायला एकूण वैध मतांच्या एक षष्ठांश लागतात, म्हणजे तो विषय पहिल्या फेरीतच मिटला. पण त्याच रात्री बातमी आली की पलीकडे बेलापूरला फक्त 377 मतांनी फैसला झाला, आणि काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे बघ, तिथे असतो तर माझी 214 किती महागात पडली असती कोणालातरी." आठवडाभर ज्याला त्याला हे सांगत होते, भाजीवाल्यालासुद्धा.

खरी गंमत पुढे झाली. निकालानंतर नमुना 20 येतो, त्यात बूथनिहाय आकडे असतात, कुठल्या केंद्रावर कोणाला किती. काकांनी तो शोधून काढला, आमच्या बूथची ओळ फुटपट्टी लावून बघितली. नोटा, म्हणजे यापैकी कोणीच नको, 14. भेंडी 9.

मी साखर मागायला गेले होते. काकांनी मला बसवलं, चष्मा कपाळावर सरकवला.

"सूचक किती होते?"

"दहा."

"सगळे याच बूथचे. मी अकरा. ही बारा."

मी सिलिंगकडे बघितलं. काकांनी पण बघितलं, मग हळूच स्वयंपाकघराकडे. आत काकूंनी मिक्सर लावला, आणि त्यात काही होतं असा आवाज येत नव्हता.